जुनी नाणी शोधताना: मेटल डिटेक्टर हातात घेण्याआधी आणि घेतल्यावर

मेटल डिटेक्टरचं वेड लागलं की बहुतेक जण आधी यंत्रांच्या किमती बघतात, मग रात्र-रात्र व्हिडिओ बघतात, मग यंत्र दारात येतं आणि पहिल्याच सुट्टीला जवळच्या सार्वजनिक बागेत फिरवायला सुरुवात होते. दुसऱ्या खड्ड्यापाशी कुणीतरी गणवेशातलं येऊन उभं राहतं. हा क्रम उलटा करा. आधी जागा ठरवा, मग तिची परवानगी मिळवा, आणि त्या जागेच्या मातीला साजेसं यंत्र सगळ्यांत शेवटी घ्या.

सुरुवातीलाच एक भ्रम काढून टाकायला हवा. हे यंत्र गुप्तधन दाखवणारं नाही. नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २० सेंटीमीटर खोलीपर्यंत कळते. माती चांगली आणि यंत्र तगडं असेल तर २५ च्या आसपास. हंड्याएवढी वस्तू आणखी खोल कळते, पण दूरवर पुरलेलं सोनं हातातल्या डोलणाऱ्या अँटेनाने दाखवणारी जी यंत्रं विकतात, ती निव्वळ फसवणूक आहे. अशाच डोलणाऱ्या अँटेनाचं एडीई ६५१ नावाचं उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकपर्यंत विकलं गेलं होतं. त्यात काम करणारं काहीच नव्हतं. २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने विकणाऱ्याला १० वर्षांची शिक्षा सुनावली.

पायरी १: जमीन कुणाची, कायदा कुठला

"बाग सगळ्यांची आहे" हा युक्तिवाद कुठेच चालत नाही. बागेची जमीन पालिकेची, राज्याची, केंद्राची किंवा एखाद्या न्यासाची असते, आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. एकाच शहरातल्या एका बागेत अर्ज भरला की परवानगी मिळते, आणि शेजारच्या बागेत यंत्र बाहेर काढायलाही बंदी असते. म्हणून विचारताना दोन प्रश्न सुटे विचारा: डिटेक्टर फिरवता येईल का, आणि खणता येईल का? पुष्कळ ठिकाणी पहिल्याला होकार आणि दुसऱ्याला नकार मिळतो, किंवा फक्त अमुक इतक्या लांबीच्या हत्याराने उकरायची मुभा असते. उत्तर लेखी घ्या आणि जाताना तो कागद खिशात ठेवा.

देशोदेशीच्या कायद्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवेच्या जागांवर डिटेक्टर वापरणं तर सोडाच, वापरण्याजोग्या स्थितीत जवळ बाळगणंही गुन्हा आहे. आणि १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्यानुसार केंद्राच्या जमिनीतून शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष परवान्याशिवाय काढता येत नाहीत. फ्रान्समध्ये पुरातत्त्वीय वस्तूंच्या शोधासाठी डिटेक्टर वापरायचा तर प्रशासनाची आगाऊ परवानगी लागते. इंग्लंडचा कायदा छंदवाल्यांना त्या मानाने बराच मोकळा. जमीनमालकाचा होकार असला की संरक्षित स्मारकं वगळून फिरता येतं, पण १९९६ च्या ट्रेझर कायद्यात बसणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कॉरोनर या सरकारी तपास अधिकाऱ्याला कळवावं लागतं. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे: जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक, आणि संरक्षित स्मारकाच्या परिसरात खणणं हा वेगळा गुन्हा. तुम्ही जिथे असाल तिथला कायदा मुळातून वाचा. "इथे सगळेच जातात" हे ऐकीव ज्ञान दंड भरताना कामाला येत नाही.

खासगी जमीन असेल तर मालकाशी बोलतानाच वाटणी ठरवून टाका, तीही कागदावर. २००९ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमध्ये एका छंदवाल्याला शेतात अँग्लो-सॅक्सन काळातला सोन्या-चांदीचा साठा सापडला. त्यातल्या वस्तू आणि तुकडे ४,६०० च्या आसपास भरले, मोल ठरलं ३२,८५,००० पौंड, आणि ते शोधणारा व शेतमालक यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं गेलं. एवढं घबाड तुमच्या नशिबी येणार नाही असं धरून चाललं तरी एका चांदीच्या नाण्यावरूनही दोस्ती तुटते.

पायरी २: यंत्र

आत काय चालतं ते दोन ओळींत समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. यंत्राच्या खालच्या टोकाला असलेल्या तबकडीत तारेची वेटोळी असतात, तीच कॉइल. तिच्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह चुंबकीय क्षेत्र तयार करतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं, आणि ते दुसरी कॉइल टिपते. हे उत्तर किती मागे पडून येतं त्यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधतं आणि पडद्यावर आकडा दाखवतं. चांदी-तांब्यासारखे उत्तम वाहक वरच्या आकड्यांवर, चांदीचा कागद म्हणतात तो अॅल्युमिनियमचा पत्रा खालच्या आकड्यांवर, लोखंड सगळ्यांत तळाला.

नवख्या माणसाने व्हीएलएफ, म्हणजे एकाच कमी वारंवारितेवर चालणारं, किंवा एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारं यंत्र घ्यावं. प्रवाहाचे तुटक झटके सोडणारी पल्स इंडक्शन प्रकारची यंत्रं खाऱ्या वाळूत आणि खनिजांनी भरलेल्या मातीत जबरदस्त चालतात, पण लोखंड आणि नाणं यांतला फरक ती नीट सांगत नाहीत. बागेत अशा यंत्राने दिवसभर खिळेच निघतील. कॉइल डबल-डी (आत इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी असलेली) आणि मध्यम आकाराची घ्या. मोठी कॉइल खोल बघते हे खरं, पण कचरा दाट असेल तिथे तिच्याखाली एकाच वेळी तीन वस्तू येतात आणि नाण्याचा आवाज खिळ्यांत बुडून जातो.

यंत्राइतकंच महत्त्व पिनपॉइंटरला द्या. गाजराएवढं हे छोटं उपकरण खड्ड्यात घातलं की वस्तू नेमकी कुठल्या बाजूला आहे ते थरथरून सांगतं. पैसे कमी पडत असतील तर यंत्र एक पायरी खालचं घ्या, पण पिनपॉइंटर घ्याच. खड्डा निम्म्याने लहान होतो. सोबत हेडफोन, एका कडेला दाते असलेली हातखुरपी, माती टाकायला जाड कापड, हातमोजे आणि दोन पिशव्या. एक सापडलेल्या चांगल्या वस्तूंसाठी, दुसरी कचऱ्यासाठी. दुसरी मोठी घ्या.

टाचेत किंवा चवड्यात पोलाद असलेले बूट घालू नका, यंत्र तुमच्या पायालाच ओरडत बसेल. ही अडचण फार जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असंच एक यंत्र बनवून नेलं होतं. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी आवाजाचा घोळ केला, डॉक्टरांनी तपासू दिली तीही नेमकी चुकीची बाजू, आणि गोळी सापडलीच नाही.

पायरी ३: कानाची तयारी

बाहेर पडण्याआधी मोकळ्या मातीच्या तुकड्यात स्वतःच वस्तू पुरा. चालू चलनातली दोन-तीन प्रकारची नाणी, शीतपेयाच्या डब्याची ओढकडी (जी ओढून डबा उघडतात ती), बाटलीचं झाकण, चांदीच्या कागदाचा बोळा, गंजका खिळा. ५, १० आणि १५ सेंटीमीटरवर. प्रत्येकाशेजारी खुणेची काडी रोवा. मग पडद्याकडे न बघता नुसतं ऐका. आकडे प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर वेगळे असतात, शिवाय खोल गेलेल्या वस्तूचा आकडा इकडेतिकडे सरकतो. आवाजाचा पोत त्या मानाने कमी फसवतो.

याच वेळी डिस्क्रिमिनेशनचा मोह आवरायला शिका. यंत्राला "अमुक आकड्यांवर गप्प बस" असं सांगता येतं, आणि कंटाळलेला नवखा माणूस सगळा मधला पट्टा बंद करून टाकतो. गोम अशी की सोन्याची बारीक अंगठी, चांदीच्या कागदाचा बोळा आणि ओढकडी हे तिघे त्याच पट्ट्यात राहतात. फक्त लोखंड बंद ठेवा, बाकीचं ऐका.

पायरी ४: बागेत नेमकं कुठे

सपाट हिरवळीच्या मध्यापासून सुरुवात करू नका. नाणं पडतं ते माणूस बसतो, लोळतो, वाकतो किंवा खिशात हात घालतो तिथे. जुन्या मोठ्या झाडाची सावली, उतारावरची लोळायची जागा, मैदानाची प्रेक्षकांकडची कड, तिकीटखिडकी जिथे होती तो कोपरा, वाद्यवृंदाचा चौथरा, आणि आता बुजलेल्या पायवाटा. जुने नकाशे आणि जुनी छायाचित्रं आजच्या उपग्रह-चित्रावर ठेवून बघितली की या वाटा आपोआप उघड्या पडतात. मात्र भराव टाकलेली बाग असेल तर सगळं मुसळ केरात; जुनी जमीन मीटरभर खाली गेलेली असते.

कचराही तारीख सांगतो. डब्यापासून सुटून हातात येणाऱ्या ओढकड्या १९६० च्या दशकात आल्या, आणि १९७५ नंतर डब्यालाच चिकटून राहणारी पट्टी हळूहळू रूढ झाली. सुट्या कड्या निघायला लागल्या म्हणजे तुम्ही पन्नासेक वर्षांपूर्वीच्या थरात आहात. त्यांच्याखाली ऐका.

पायरी ५: फिरवणं आणि ऐकणं

जागेवर पोहोचल्यावर आधी माती जुळवून घ्या. धातू नसलेली जागा बघून कॉइल गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीच्या अगदी जवळ पाच-सहा वेळा खाली-वर करा. आवाज स्थिर झाला की ग्राउंड बॅलन्स झाला. वरून विजेच्या तारा जात असतील किंवा यंत्र उगाच चिवचिवत असेल तर संवेदनशीलता कमी करा. मोबाइल कॉइलपासून लांब ठेवा. कमी संवेदनशीलतेवरचं शांत यंत्र नेहमी जास्त देतं.

कॉइल जमिनीला समांतर आणि दोन सेंटीमीटरवर ठेवायची. झोक्याच्या दोन्ही टोकांना हात वर उचलला जातो, ही नवख्यांची ठरलेली खोड. खोलीतला बराचसा भाग तिथेच वाया जातो. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनेक सेकंद घ्या, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढू द्या. अख्खी बाग पालथी घालण्यापेक्षा खोलीएवढा तुकडा दोरी लावून, आधी उभा आणि मग आडवा, असा फिरा.

आवाज आला की लगेच गुडघे टेकू नका. त्याच वस्तूवर काटकोनात वळून पुन्हा फिरवा. नाणं गोल असतं, त्यामुळे चारही बाजूंनी ते तसंच, स्वच्छ आणि छोटं बोलतं. खिळा एका दिशेने चढा सूर काढतो आणि दुसऱ्या दिशेने खरखरतो किंवा गायब होतो. बाटलीचं पोलादी झाकण मात्र भल्याभल्यांना फसवतं, कारण सपाट गोल आकारामुळे त्याचा आवाज चांगलाच चढतो. डबल-डी कॉइल असेल तर वस्तूवरून छोटे झोके घेत हळूहळू मागे सरा. कॉइलची पुढची कड वस्तूवरून निसटताना सुरात लोखंडाची घरघर मिसळली, तर बहुतेक झाकणच. लांब सरळ रेषेत पावलागणिक तोच आवाज येत राहिला तर ती केबल किंवा नळ आहे. तिथे खुरपी लावायची नाही.

पाऊस पडून गेल्यावर, जमीन ओलसर आणि मऊ असताना जा. खोली थोडी वाढते आणि गवतही कमी दुखावतं.

पायरी ६: खड्डा

तुमच्यामागून येणाऱ्या छंदवाल्यांना त्या बागेत प्रवेश मिळणार की नाही हे इथे ठरतं.

वस्तू पाच सेंटीमीटरच्या आत असेल तर खड्डा पाडूच नका. बोथट टोकाची पितळी सळई खुपसून वस्तू चाचपा, बाजूला चीर पाडा आणि नाणं वर ढकलून काढा. खोल असेल तर गवतात तीन बाजूंनी, घोड्याच्या नालेच्या आकारात, तळहाताएवढा काप घ्या. चौथी बाजू तशीच राहू द्या, ती बिजागरीचं काम करते आणि तिकडची मुळं शाबूत राहतात. काप मुळांच्या खालपर्यंत, १० सेंटीमीटर तरी जायला हवा. पातळ सोलपटासारखा निघालेला काप चार दिवसांत पिवळा पडतो. तो उलटवला की आधी त्याच्याच पोटाशी पिनपॉइंटर लावा. निम्म्या वेळा नाणं तिथेच चिकटलेलं असतं. सुटी माती कापडावर टाका, गवतावर नको.

आणि आता नाणं दिसतं. काळ्या मातीत एक पातळ, किंचित राखाडी कड. इथे प्रत्येकाचा अंगठा आपोआप पुढे येतो, चिखल पुसून साल वाचायला. पुसू नका. त्या चिखलात वाळूचे कण असतात आणि अंगठ्याच्या एका फेऱ्यात चांदीवर बारीक ओरखड्यांचं जाळं उमटतं, जे पुन्हा कधीच जात नाही. मातीसकट उचला, ओल्या कापसाच्या डबीत ठेवा, साल घरी कळेल. मग तोच खड्डा पुन्हा तपासा, कारण खिशातून नाणी पुष्कळदा जोडीने पडतात. माती परत भरा, काप बसवा, पायाने दाबा, बाटलीतलं पाणी ओता. तीन पावलं मागे जाऊन खड्डा सापडत असेल तर काम पुरं झालेलं नाही. कडक उन्हाळ्यात गवत वाळलेलं असताना काप घेणं टाळाच.

पायरी ७: लष्करी जागा

जुनी छावणी, चांदमारीचं मैदान, रणभूमी, बंद पडलेला तळ. या नावांनीच अंगावर रोमांच येतात. इथले नियम वेगळे आहेत, आणि नवख्याने पहिलं वर्ष अशा जागांपासून लांब राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

बहुतेक देशांत मोठ्या रणभूमी संरक्षित असतात. ब्रिटनमध्ये कोसळलेल्या लष्करी विमानांचे अवशेष १९८६ च्या कायद्याने आपोआप संरक्षित आहेत. पडीक दिसणारा तळ अजूनही सैन्याच्या मालकीचा असू शकतो. या संरक्षणामागे कारण आहे. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या लिटल बिगहॉर्नची लढाई १८७६ ची. १९८३ मध्ये वणव्याने तिथलं गवत जळालं आणि पुढच्या दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना हाताशी धरून ती जमीन पिंजून काढली. काडतुसाची प्रत्येक रिकामी पुंगळी आणि गोळी जिथे सापडली तिथेच झेंडी रोवली, जागा मोजून नकाशावर मांडली. मग पुंगळ्यांच्या बुडावरची आघातखूण जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली ते शोधून काढलं. त्याच पुंगळ्या कुणी आधी खिशात घालून नेल्या असत्या तर त्या नुसत्या गंजक्या पुंगळ्या राहिल्या असत्या.

परवानगी असलेली खासगी जमीन मिळालीच, तर लढाईच्या जागेपेक्षा मुक्कामाची जागा चांगली. सैनिक लढतो तासभर, पण तळ ठोकून राहतो महिनोन्‌महिने. पाण्याजवळचा, वाऱ्याला आडोसा असलेला सपाट उंचवटा बघा. तिथे गणवेशाची बटणं, बकलं, बिल्ले, नाणी आणि न झाडलेल्या शिशाच्या गोळ्या मिळतात. जमिनीत फार वर्षं पडलेलं शिसं पांढुरकं होतं. कुडकुडीत पांढरा थर असलेली आणि बुडाशी वळ्या असलेली टोकदार गोळी असेल तर ती बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या मिनिए नावाच्या रायफल-गोळीच्या धाटणीची. पुंगळीच्या बुडावरचे आकडे-अक्षरं कारखाना आणि पुष्कळदा सालही सांगतात.

आता धोक्याचं. जिवंत तोफगोळा यंत्रावर कसा बोलतो माहीत आहे? छान बोलतो. त्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो, टोकाला बहुतेकदा पितळी फ्यूज (स्फोट घडवणारी कळ), आणि हे दोन्ही उत्तम वाहक. म्हणजे मोठ्या नाण्यासारखाच चढा, गोड आवाज येतो. म्हणून अशा जागेवर कुदळ-पहार बंद. हातखुरपीने, बाजूने, माती थोडी थोडी सारत जायचं. कडा दिसायला लागल्यावर खालील गोष्टी दिसल्या तर हात काढून घ्या:

- मनगटाहून जाड, एका टोकाला निमुळता होत गेलेला दंडगोल, विशेषतः पट्टा किंवा पंख असलेला
- पोलादी गोळा, ज्याला भोक किंवा बुच आहे
- गोळी अजून बसलेलीच असलेलं काडतूस
- चकतीसारखा किंवा डब्यासारखा बंद धातूचा आकार, ज्याचं काम समजत नाही

हलवायचं नाही, पाणी ओतायचं नाही, पुरून टाकायचं नाही, फोटोसाठी वळवायचं तर मुळीच नाही. आल्या पावली मागे फिरा, लांबून खूण करा, लोकांना दूर ठेवा आणि पोलिसांना कळवा. बॉम्बशोधक पथक ते बोलावतात. "इतकी वर्षं झाली, आता काय होणार" हे वाक्य विसरा. २००८ मध्ये व्हर्जिनियात अमेरिकी यादवी युद्धातले तोफगोळे साफ करणाऱ्या एका अनुभवी संग्राहकाचा तसाच एक गोळा फुटून मृत्यू झाला. दारू जवळपास दीडशे वर्षं जुनी होती. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये पहिल्या महायुद्धातले गोळे आजही नांगराला लागून वर येतात, काहींत विषारी वायूही असतो.

हाडं दिसली तरी हेच. थांबा, झाका, कळवा. सैनिकाच्या गळ्यातली ओळखपट्टी सापडली तर ती बेपत्ता सैनिकाचा एकमेव पुरावा असू शकते. ती जागेसकट अधिकाऱ्यांच्या हाती जायला हवी.

पायरी ८: घरी आल्यावर

आधी वही उघडा. वस्तूला क्रमांक द्या. तारीख, मोबाइलने दाखवलेलं स्थान, खोली आणि शेजारी काय सापडलं ते लिहा. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम अशा नोंदी घेते. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर जवळच्या संग्रहालयाला विचारा.

सफाई म्हणाल तर बहुतेक वेळा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी आणि धीर एवढंच पुरतं. नाणं दोन-तीन दिवस भिजत ठेवा, पाणी बदला, माती आपली आपण सुटू द्या. सोनं जमिनीतून जसं गेलं तसंच बाहेर येतं. तांब्यावरची गुळगुळीत हिरवी-तपकिरी राप हीच त्याची कातडी आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर, पितांबरी यांतलं काहीही लावलं की ती गेली, नाण्याचं मोल गेलं आणि खाली खड्ड्याखड्ड्यांचं गुलाबी तांबं उरलं. पिठासारखी भुकटी होऊन सुटणारी फिकी हिरवी बुरशी दिसली तर तो मात्र रोग आहे. ते नाणं वेगळं ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

लोखंडी वस्तूंचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेच्या मंद प्रवाहाने काढता येतो. त्यात दुसरं टोक म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा बुडवायची क्लृप्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरू शकतात. साधं लोखंड वापरा, खिडक्या उघड्या ठेवा. आतून पोकळ वाटणाऱ्या कुठल्याही लष्करी वस्तूवर हा प्रयोग करायचा नाही.

ठेवायला मऊ पीव्हीसीचे पारदर्शक कप्पे स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. काही वर्षांत ते चिकट होतात आणि नाण्यावर हिरवा लगदा सोडतात. आम्लरहित कागदाची पाकिटं घ्या, कोरडी जागा बघा, आणि पाकिटावर वहीतला क्रमांक नाणं आत घालण्याआधी लिहा. नंतर लिहिलं तर पेनाचा दाब नाण्यावर पडतो.